शिकारी कुत्र्यांची खाज: आधी जागा बघा, मग औषध

माळरान

गवतातून, झुडपांतून, चिखलपाण्यातून काम करणाऱ्या कुत्र्यांच्या खाजेबद्दल कुणी विचारलं की उत्तरं थेट औषधांच्या नावांपासून सुरू होतात. कुणी मलम सांगतं, कुणी पावडर, कुणी स्वतःच्या कुत्र्याला लागू पडलेलं इंजेक्शन. कुत्रं नक्की कुठे खाजवतंय हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खाजेची जागा कळली तर निम्मं निदान तिथेच होतं, असं माझं ठाम मत आहे, आणि हा धागा त्याच्यासाठीच काढतोय.

कमरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या बुडाशी केस विरळ झालेत आणि कुत्रं मागे वळून दातांनी कुरतडतंय, तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. पिसू दिसली नाही म्हणून तो सोडू नये. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एखाद-दुसरा चावाही पुरतो. ओल्या पांढऱ्या कागदावर केस विंचरा. पडलेले काळे कण विरघळून तांबूस डाग पडला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

कानांच्या कडा, कोपर आणि मागच्या पायाचे घोटे, या तीन जागी एकदम खपल्या आणि कुत्र्याला रात्रभर झोप नाही, तर खरूज डोक्यात ठेवा. कानाची कड बोटांनी हलकेच चोळल्यावर मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर संशय आणखी बळावतो. शिकारी कुत्र्यांना ही लागण बऱ्याचदा कोल्ह्यांकडून होते, कारण ती कोल्ह्यांच्या बिळांत तोंड घालतात, त्यांच्या वाटांवर लोळतात.

पोट, जांघा, काखा म्हणजे जिथे केस कमी तिथे लाल पुरळ आलं असेल तर ते बहुधा जमिनीकडून आलेलं असतं. खाजरी झाडं, खतं किंवा तणनाशक फवारलेलं शेत, नाहीतर झोपायची जागा. पंजे सारखे चाटले जात असतील तर शक्यता बऱ्याच आहेत. एकच पंजा असेल तर कुसळ शोधा. चारही पंजे, शिवाय कान आणि पोट असेल तर ॲलर्जीचा विचार करा. गळा, छाती, काख यांवर पट्ट्याच्या आकाराचे चट्टे असतील तर दोष सामानाचा.

कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसापेक्षा बराच पातळ असतो, साधारण ३ ते ५ पेशींच्या थरांचा. केसांच्या आवरणामुळे ती मजबूत वाटते, पण केसांखाली ती नाजूकच असते. तिचा सामूही (पीएच) माणसाच्या कातडीसारखा आम्लधर्मी नसून उदासीनाच्या जवळ असतो. म्हणून माणसांचा साबण किंवा शाम्पू तिला मानवत नाही. तो वारंवार वापरला की कातडी कोरडी पडते, कोंडा होतो आणि त्याचीच वेगळी खाज सुरू होते.

परत आल्यावरची दहा मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात. गाडीत चढवण्याआधी किंवा घरात घेण्याआधी कुत्र्याला उभं करून हाताने चाचपायचं. डोळ्यांनी नाही, हाताने. दाट केसांत डोळ्यांना काही दिसत नाही. कानाच्या आत-बाहेर, पापण्यांच्या कडा, ओठांच्या घड्या, गळपट्ट्याखाली, काख, जांघ, शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्या. नुकती लागलेली गोचीड तिळाएवढी असते. ती बोटाला खपलीसारखी लागते, म्हणून केस बाजूला करून खात्री करायची. गोखरू, काटे, कुसळं तिथल्या तिथे काढायची. चिखल असेल तर नुसत्या स्वच्छ पाण्याने धुवायचं, शाम्पूची गरज नाही. आणि मग कोरडं करायचं, अगदी मुळापर्यंत. या शेवटच्या पायरीवर फार लोक घाई करतात.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः पाण्यातून पक्षी आणणारी कुत्री असलेल्यांनी.

पाणलावा

उत्तम धागा. आमची गोल्डन रिट्रीव्हर आहे आणि तिची अडचण नेमकी तुम्ही शेवटी लिहिलीत ती. पाण्यातून आली की वरवर पुसली जाते, बाहेरचे केस वाळलेले दिसतात. पण आतली लोकर संध्याकाळपर्यंत ओली असते. मग एखाद्या दिवशी गालाखाली किंवा मानेवर तळहाताएवढा लालभडक, ओला, लस गळणारा चट्टा येतो. सकाळी काही नव्हतं आणि रात्री हे, इतकं झपाट्याने होतं. केस त्या लसीने चिकटून वरती एक पापुद्रा तयार होतो आणि हात लावला की ती कळवळते. याला घरी काही करावं की सरळ डॉक्टर गाठावा?

दवाखाना

पाणलावा, तुम्ही वर्णन केलाय तो 'हॉट स्पॉट'. मी पशुवैद्य आहे, याच्या केसेस कायम बघतो. काहीतरी छोटं कारण असतं: पिसू, कानातला संसर्ग, ओली लोकर. कुत्रं ती जागा खाजवतं, कातडी सोलवटते, जिवाणू वाढतात, मग आणखी खाज. काही तासांत चट्टा पसरतो तो या चक्रामुळे.

पहिलं काम म्हणजे केस कापणं. चट्ट्यावरचे आणि भोवतीचे, निरोगी कातडी दिसेपर्यंत. लोक याला कचरतात, पण चिकटलेल्या केसांखाली हवा लागत नाही आणि औषधही पोचत नाही. कात्री नको, यंत्र वापरा. कात्रीने सुजलेली कातडी कापली जाते. मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पातळ द्रावणाने धुवा. २ टक्क्यांचं असेल तर एका भागाला साधारण ४० भाग पाणी, म्हणजे ०.०५ टक्के होतं. रंग फिकट निळा किंवा फिकट गुलाबी दिसेल, मूळ द्रावण कुठल्या रंगाचं आहे त्यावर. डोळ्यांत आणि कानात जाऊ देऊ नका. धुतल्यावर टिपून कोरडं करा, घासू नका. आणि चाटता-खाजवता येऊ नये म्हणून गळ्यात कोन, म्हणजे डोक्याभोवती येणारी नरसाळ्यासारखी कॉलर, घाला. कोनाशिवाय बाकी सगळं वाया जातं.

चट्टा खूप दुखरा असेल तर केस कापायलाच गुंगी द्यावी लागते, ते दवाखान्यातच करा. मुख्य चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या दिसत असतील तर संसर्ग केसांच्या मुळांत खोल गेलेला असतो. तरुण गोल्डनमध्ये गालावर असं बऱ्यापैकी दिसतं. तिथे नुसतं वरून धुऊन भागत नाही. आणि गालावरचा चट्टा दिसला की त्या बाजूचा कान जरूर तपासून घ्या, बरेचदा मूळ तिथे असतं.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही उघड्या कातडीवर ओतू नका. जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मरतात, आणि कुत्र्याला आग होते ती वेगळीच.

पाणलावा

मनापासून धन्यवाद. कानाचं कधी लक्षात आलं नव्हतं. ती डोकं झटकत असते खरी.

दवाखाना

पोहणाऱ्या आणि लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत ते नेहमीचं आहे. आत ओल, वर झाकण, त्यामुळे मॅलेसेझिया नावाचं यीस्ट माजतं. तपकिरी मेण आणि आंबूस वास आला की समजा. पोहून आल्यावर कान सुकवणारं तयार द्रावण घाला, कानाचं बूड चोळा, कुत्र्याला झटकू द्या आणि बाहेर आलेलं कापसाने पुसा. कापसाची काडी आत घालू नका. कान आधीच लाल आणि दुखरा असेल तर पडदा शाबूत आहे की नाही हे बघितल्याशिवाय काहीच घालू नका.

वाटाड्या

माझा मुद्दा सामानाचा. माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात हल्ली जीपीएसचा पट्टा असतो, काहींच्या गळ्यात सरावाचा इलेक्ट्रॉनिक पट्टाही. त्या दुसऱ्याला आतून धातूची दोन टोकं असतात. ती कातडीला सारखी टेकलेली राहिली तर तिथला रक्तपुरवठा दाबला जातो आणि दोन गोल खड्डे पडतात, आत पू. लोक म्हणतात करंटने भाजलं. भाजलेलं नसतं, तो दाबाचा व्रण असतो. पट्टा बंद असला तरी होतो. काम संपलं की पट्टा काढा आणि दिवसातही दोन-तीन तासांनी त्याची जागा बदला.

हार्नेस आणि छातीचं जॅकेट यांचं वेगळं. ते बहुतेक कोपरामागे, काखेत घासतं. निओप्रीनचं जॅकेट ओलं झालं की आत वाळू अडकते, आणि मग कुत्रं धावताना तीच वाळू कातडीवर पॉलिश पेपरसारखी चालते. घालताना पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, हे तर सगळे सांगतात. पण कुत्रं उभं असताना मोजून उपयोग नाही. त्याला बसवून, वाकवून, पुढचा पाय ताणून बघा की शिवण काखेत जाते का. नवीन हार्नेस पहिल्याच दिवशी लांब पल्ल्याला घालू नये. घरी तासभर घालून काढावा आणि त्याखालचे केस बघावेत. केस तुटलेले, दबलेले दिसले तर उद्या तिथे जखम होणार. पट्टे गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. चिखलाने कडक झालेला चामडी पट्टा सुरीच्या पात्यासारखा लागतो.

रानजाई

पायांत बूट घालणाऱ्यांसाठी एक पुरवणी. काट्याकुट्यात, धारदार दगडांवर बूट उपयोगी आहेत, पण आत ओल कोंडते. थांबलात की बूट काढून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मी पाहिलंय की पंजाच्या गाद्यांपेक्षा अंगठ्याच्या नखाभोवती, म्हणजे वरच्या बाजूला जे सुटं नख असतं तिथे, बूट जास्त घासतो.

आणि कुसळांबद्दल सविस्तर लिहा कुणीतरी. आमच्या स्पॅनियलला त्याचा फार त्रास झालाय.

माळरान

कुसळाचं मी लिहितो, कारण शिकारी कुत्र्यांत इतकी साधी दिसणारी आणि इतकी छळणारी दुसरी गोष्ट नाही.

वाळलेल्या गवताच्या कुसळाला सूक्ष्म उलटे काटे असतात. त्यामुळे ते फक्त पुढे सरकतं, मागे येत नाही. कुत्रं चालेल तसं ते बोटांच्या बेचकीतून कातडीत शिरतं आणि शरीरात पुढे पुढे जात राहतं. सुरुवातीला दिसतं ते एवढंच: कुत्रं एकच पंजा सतत चाटतंय. मग बेचकीत वाटाण्याएवढी गाठ येते, फुटते, त्यातून पातळ लालसर पाणी येतं, एक बारीक भोक राहतं. अँटिबायोटिक दिलं की भोक बुजतं. औषध थांबलं की काही दिवसांत पुन्हा तीच गाठ, कधी थोडी वरच्या बाजूला. असा पुन्हा पुन्हा उघडणारा व्रण दिसला की आत कुसळ आहे असंच धरून चालावं आणि ते शोधून काढायला सांगावं. एक्स-रेवर ते दिसत नाही, अल्ट्रासाउंडवर दिसू शकतं.

कुत्रं गवतातून आल्या आल्या जोरजोरात डोकं झटकायला लागलं आणि मान एका बाजूला कलती ठेवली तर कुसळ कानात आहे. एकामागून एक शिंका येत असतील तर नाकात. दोन्हींत घरी चिमटा घालू नका, ते आणखी आत ढकललं जातं. त्याच दिवशी दवाखाना.

टाळायचं कसं, तर गवत वाळायच्या आधी बोटांमधले आणि पंजाखालचे केस बारीक करा. स्पॅनियल, सेटर यांच्या कानाच्या खालच्या बाजूचे केसही कापा. दिसायला थोडं वेडंबागडं दिसेल, पण कुसळाला धरायला जागा उरत नाही.

सातकुत्री

आमच्याकडे बरीच कुत्री एकत्र असतात, म्हणून झोपायच्या जागेबद्दल लिहिते. पेंढ्यावर कुत्री ठेवली आणि पेंढा ओला राहून कुजला, की त्यात पेलोडेरा नावाचे सूक्ष्म कृमी वाढतात. ते मातीत आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यात राहतात, पण ओल्या कातडीत शिरतात. जो भाग जमिनीला टेकतो तोच लाल होतो, पोट, छाती, पाय, शेपटीची खालची बाजू. पाठ अगदी स्वच्छ. वरून खाली रेघ मारावी तसा फरक दिसतो. उपाय म्हणजे सगळं अंथरूण बाहेर काढून नष्ट करणं, जागा धुऊन वाळवणं आणि कोरडं नवीन अंथरूण घालणं. अंथरूण बदललं की खाज आपोआप ओसरते, फारसं औषध लागत नाही.

ओल्या मातीच्या आवारात हुकवर्मच्या अळ्याही पंजातून शिरतात. बोटांच्या बेचक्या लाल, गाद्या मऊ, नखं वेडीवाकडी. तिथे जंतांचं औषध आणि जमीन कोरडी ठेवणं दोन्ही लागतं. विष्ठा रोज उचलायची, यात सवलत नाही.

जुनीवाट

इथे जुन्या लोकांच्या उपायांना कुणी विचारतच नाही. खरजेला गाडीचं जळकं ऑइल लावायचे आणि कुत्री बरी व्हायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दवाखाना

जुनीवाट, तुम्ही पाहिलंय यावर माझा विश्वास आहे. ऑइलच्या थराखाली काही किडे गुदमरून मरत असतील. पण वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे अंश आणि विषारी हायड्रोकार्बन असतात. ते कातडीतून आत जातं, कुत्रं चाटतं ते पोटात जातं. तोंडातून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. अशी कुत्री उलट्या, थरथर, यकृत बिघडलेलं अशा अवस्थेत आमच्याकडे येतात. पूर्वी दुसरा उपाय हाताशी नव्हता म्हणून लोकांनी ते केलं. आता आहे.

फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सॅरोलेनर, लोटिलेनर या गटातल्या चघळायच्या गोळ्यांनी पिसवा, गोचीड आणि खरजेचे किडेही जातात. फ्लुरालेनरची गोळी सुमारे १२ आठवडे चालते, बाकीच्या महिन्याच्या. पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांसाठी हा मोठा फायदा आहे, कारण मानेवर घालायचे थेंब आणि औषधी गळपट्टे वारंवारच्या पोहण्याने निकामी होत जातात. एक सावधगिरी: या गटामुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे. ज्याला आधी कधी फिट आलीय त्याच्या डॉक्टरला ते आधी सांगा.

आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाबद्दलही. गुराढोरांसाठीचं इंजेक्शन अंदाजाने टोचणारे बरेच आहेत. कोली आणि त्यांच्या नात्यातल्या मेंढपाळ जातींत एमडीआर १ जनुकाचा दोष आढळतो. तो असलेल्या कुत्र्याच्या मेंदूत हे औषध साठतं आणि कुत्रं बेशुद्ध पडून मरूही शकतं. संकरित कुत्र्यात तो आहे की नाही हे बघून कळत नाही. जनुकाची तपासणी होते, ती करून घ्या.

आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध कुत्र्यालाही लावू नका. मांजरांसाठी ते जीवघेणं आहे.

जुनीवाट

चाटण्याचं लक्षात आलं नव्हतं. गोळीबद्दल आमच्या डॉक्टरांना विचारतो. पण मग खरूज एका कुत्र्याला झाली तर बाकीच्यांना पण द्यायची का?

दवाखाना

हो, संपर्कातल्या सगळ्यांना एकाच वेळी, खाज नसली तरी. अंथरुणं गरम पाण्यात धुवा. माणसांनाही हातांवर, पोटावर तात्पुरतं पुरळ उठतं, कुत्री बरी झाली की ते जातं. डेमोडेक्स हा खरजेचा दुसरा प्रकार मात्र असा पसरत नाही. तो पिल्लांत तोंडाभोवती, पायांवर केस गेलेले चट्टे देतो आणि सुरुवातीला खाज जवळजवळ नसते. दोन्हींतला फरक कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळतो.

रानजाई

गोल, केस गेलेला, कडेला कोंडा असलेला चट्टा नाकावर किंवा पुढच्या पायावर आला तर? आमच्याकडे एकाला आहे, खाजवत नाही.

दवाखाना

बुरशी, म्हणजे नायटा असू शकतो. बिळं उकरणाऱ्या कुत्र्यांना मातीतल्या बुरशीची आणि उंदीर-घुशींकडून येणाऱ्या बुरशीची लागण होते. म्हणूनच ती तोंडावर आणि पुढच्या पायांवर दिसते, जिथे मातीशी संबंध येतो. वरून स्टेरॉइडचं मलम लावू नका, लाली उतरते आणि बुरशी पसरते. केस उपटून तपासणीला द्या. हातमोजे घाला, लहान मुलांना दूर ठेवा.

करवानप्रेमी

बारीक केसांच्या, नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांचं कुणी लिहिलं नाही. ग्रेहाउंड, सलुकी, कारवान यांच्या अंगावर चरबी नाही, केस नाहीत, कातडी कागदासारखी. कोपरावर घट्टे पडतात, ते भेगाळून चिघळतात. त्यावर मलम लावत बसण्यापेक्षा जाड, मऊ अंथरूण द्या. सिमेंटवर झोपणं बंद झालं की घट्टा हळूहळू मऊ पडतो. काटेरी तारांनी कातडी फाटते तेव्हा वरून छोटी दिसणारी चीर आत लांब असू शकते, म्हणून टाके लागतात का ते लवकर दाखवा. पांढऱ्या, गुलाबी पोटाच्या कुत्र्यांना ऊनही भाजतं.

सातकुत्री

गोचीड काढताना तेल, काडेपेटी, नखं असलं काही वापरू नका, हे या धाग्यात अजून आलेलं नाही म्हणून लिहिते. बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचिडीचं तोंड धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पोट दाबलं तर तिच्या पोटातला द्रव कुत्र्याच्या रक्तात जाऊ शकतो. तोंडाचा तुकडा आत राहिला तर उकरू नका, बारीक गाठ येऊन बहुधा तो आपोआप बाहेर पडतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, फिकट हिरड्या, गडद लघवी यांतलं काही दिसलं तर रक्त तपासा. एरलिकिया आणि बबेसिया हे रक्तातले दोन्ही आजार गोचिडींमार्फत येतात आणि त्यांना थांबून चालत नाही.

पाणलावा

माझा शेवटचा प्रश्न. हॉट स्पॉट बरा होतो, पंजे मात्र वर्षभर चाटणं चालूच. प्रत्येक वेळी इंजेक्शन घेतलं की महिनाभर आराम, मग पुन्हा तेच. काम कधी सुरू करायचं तेही कळत नाही.

दवाखाना

त्या इंजेक्शनमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. थोड्या काळासाठी ते चांगलं काम करतं, पण वारंवार घेतलं तर तहान-भूक वाढते, स्नायू झिजतात, कातडी पातळ होते आणि संसर्ग दबून राहतो. कामाच्या कुत्र्याला स्नायू झिजणं परवडत नाही. क्रम असा ठेवा. आधी पिसवांचा पक्का बंदोबस्त, वर्षभर. मग पंजांवरचा संसर्ग काचपट्टीवर तपासून त्याचे उपचार. २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. दहा मिनिटं घड्याळ लावून. लगेच धुतला तर काहीच उपयोग नाही. एवढं करून खाज राहिली तर आठ आठवडे काटेकोर आहारचाचणी, त्या काळात एकही बिस्किट किंवा उरलंसुरलं नाही, सरावातलं बक्षीसही त्याच आहारातलं. त्यानंतरही राहिली तर हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी धरून ओक्लासिटिनिब किंवा लोकिव्हेटमॅबसारखी औषधं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. ही ॲलर्जी, म्हणजे ॲटोपी, बहुतेक वेळा ६ महिने ते ३ वर्षं या वयात सुरू होते. ती पूर्ण जात नाही, आटोक्यात ठेवावी लागते.

माणसांची मलमं मात्र पंजांना लावू नका. कुत्रं ती चाटतंच. झिंक ऑक्साइडने उलट्या होतात आणि रक्तपेशी फुटतात. सोरायसिसच्या कॅल्सिपोट्रायॉल मलमाची ट्यूब चावली तर कुत्रं दगावू शकतं. टी ट्री तेलही विषारी आहे.

कामाचं विचाराल, तर चट्टा कोरडा, खपली पडलेली, दाबल्यावर दुखत नाही आणि कोन काढल्यावर दोन दिवस कुत्रं तिकडे वळत नाही, मग हळूहळू सुरू करा. कापलेले केस परत यायची वाट बघायची गरज नाही. पण त्या जागेवर पट्टा किंवा जॅकेट येत असेल तर केस येईपर्यंत दुसरा पट्टा वापरा. आणि पहिले काही दिवस पाण्यात नको.

पाणलावा

लिहून घेतलं. उद्या आधी कान दाखवून येते.